पंचवीस उंबरठ्यांचा चहा

"ज्याचा चहा नाकारला, त्याचा उंबरठा नाकारला." डोमाजी नेहमी म्हणायचा. लग्नाच्या चाळीस वर्षांत देवकाबाईने ते इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याने सुरुवात केली की शेवट तीच करायची.

वर्धा जिल्ह्यात, जामच्या चौकापासून आत, समुद्रपूरच्या अंगाला त्यांचं गाव. तिथे लग्नाची पत्रिका आता मोबाईलवरही येते. पण डोमाजीने दारी येऊन हातात दिली नाही, तर बोलावणं आलं असं कोणी धरत नाही. तीन एकरांचा हा शेतकरी. लग्न कोणाचंही असो, पुरुषांना पत्रिका तो द्यायचा, बायांना कुंकू देवकाबाई लावायची. बोलावणं पायीच करावं, हा त्याचा नेम. रुसलेले सख्खे भाऊ त्याने एका मांडवात आणून बसवले होते. आणि दर घरी चहा. डोमाजी आला म्हणून साखर एक चमचा वरून.

अंगात साखर निघाली, तेव्हा त्याने साखर सोडली आणि गूळ धरला. गूळ आपल्या मातीतला, तो काय करतो? गावालाही पटलं. घराघरांत त्याच्यासाठी गूळ वेगळा फुटू लागला, आणि मानाचा म्हणून खडा मोठाच.

मग एका सकाळी देवकाबाईला सारवलेल्या ओसरीवर रक्ताचे ठसे दिसले. एकाच पायाचे.

"काय रुतलं तुमच्या पायात?"

"कोठं काय? मले तर काई नाई लागलं."

तळव्यात बाभळीचा काटा खोल गेला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. काटा निघाला, जखम मात्र भरेना. शेवटी दोघं वर्ध्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि विचारलं, "काका, दिवसाला चहा किती?"

"लग्नसराईत पंचवीस. पण गुळाचा, बाई."

"रक्तात गेल्यावर गूळ काय नि साखर काय, एकच. साखर वाढलेलीच राहिली, म्हणून पाय बधिर झाला. ही जखम भरेल. पण चहा असाच चालला, तर पुढच्या वेळी पाय राहीलच असं मी सांगू शकत नाही."

परतीच्या बसमध्ये डोमाजीने पाय समोरच्या बाकाखाली लांब केला होता. देवकाबाई त्याच्या पायाकडेच पाहत होती. पाय जाणं म्हणजे या माणसाचं सगळं गाव जाणं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

जखम भरायला अडीच महिने लागले. वैशाखात शेजारच्या हेमराजच्या मुलीचं, अपेक्षाचं लग्न निघालं. रीतीने पहिलं घर बाबारावांचं. गावात सगळ्यांत वडील, आणि रुसण्यातही पहिले. तिथे बिघडलं, तर पुढची घरं बिघडलीच.

डोमाजीने पत्रिका दिली. बाबारावांची सून तानाबाई चहा घेऊन आली.

"दादा, चहा नाई घेत."

बाबारावांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं पेला. आज काऊन कडू लागून राह्यला?"

देवकाबाईचं कुंकवाचं बोट करंड्यातच थांबलं.

"गोडच लागते, दादा. तेच तर झालं." डोमाजीने खाटेवर बसून तळवा वर केला. नवी कातडी अजून गुलाबी होती. "गावाचा सारा मान याच्यात उतरला. हा गेला तर तुमच्या नातवाच्या पत्रिका कोण वाटन? मोबाईल?"

तानाबाईने पदर तोंडाशी नेला. बाबारावांनी चष्मा परत चढवला आणि वाकून तळवा पाहिला.

"मंग माह्या घरून कोरड्या तोंडानं जातं का?"

"पाणी द्या ना. तुमच्या विहिरीचं."

बाबाराव स्वतः उठले. पितळी तांब्या भरून आणला. डोमाजीने तो वरून, एका दमात रिकामा केला आणि पालथा धरून दाखवला. थेंब पडला नाही.

"उंबरठा नाई नाकारला, दादा."

"दिसून राह्यलं मले," बाबाराव म्हणाले आणि सुनेकडे वळले. "पोराले पुढं धाड. चोवीस घरी सांग म्हणा, डोम्यासाठी गूळ फोडू नोका. पाणी भरून ठेवा."

डोमाजी दारात आला. जखम झाल्यापासून चपला त्याने सोडल्या होत्या; आता बंद बूट होते. ते झटकले, आत हात फिरवून पाहिला, दोन्ही तळवे पाहिले, मगच घातले. पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून तो उन्हातून निघाला. पाऊल सारखं पडत होतं, डावं तसं उजवं. घरातल्या बायांना कुंकू लावायचं राहिलं होतं, तरी तो वळणाआड जाईपर्यंत देवकाबाई बाबारावांच्या ओसरीवरून पाहत राहिली. तिच्या मागे, हातात रिकामा तांब्या घेऊन, बाबारावही उभे होते.