व्हेनिसखालचं लाकूड

मुरबाडजवळच्या आमच्या शाळेची जुनी विहीर उतरवून नवी बांधायला एक गवंडी येत असे. बोलण्याआधी तो हातातला दगड एकदा उलटा करून बघायचा. मी वर्गात सांगत होतो, इटलीतलं व्हेनिस शहर चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर शेकडो वर्षं उभं आहे. एका मुलीने विचारलं, "गुरुजी, लाकूड कुजत नाय?"

मी पुस्तकाची पानं चाळू लागलो. खिडकीबाहेरून गवंडी म्हणाला, "चिखलात वारा जात नाय. वाऱ्याबिगर कुजंल कसं?"

"तू तुझं काम बघ," मी म्हणालो. मुलं हसली.

संध्याकाळी त्याने जुन्या विहिरीच्या तळातला जांभळाच्या लाकडाचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. "माज्या आज्यानं बांधकामाखाली घातलेलं. कापून बघा." वरून काळं, आत घट्ट लाकूड होतं.

दुसऱ्या दिवशी ते उत्तर मी वर्गात माझं म्हणून दिलं. तो खिडकीखालीच सिमेंट कालवत होता. सुट्टीत म्हणाला, "बेस सांगितलंत, गुरुजी. पोरांना पटलं." त्यात टोमणा नव्हता.

निवृत्तीपर्यंत दरवर्षी मी तेच सांगितलं. आज त्याचं नाव लिहायला बसलो, तर ते मी कधी विचारलंच नव्हतं.