जहाजावरचे फ्रेंच डॉक्टर आणि आमचे ड्रॉइंग मास्तर

शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांचा हेवा करणं हा शुद्ध मूर्खपणा, हे मला कळत होतं. तरी वाटायचा. फ्रेंच सरकारची जहाजं पृथ्वीप्रदक्षिणेला निघत, तेव्हा कित्येकदा जहाजावरचे डॉक्टरच निसर्गशास्त्रज्ञ असत. खलाशांच्या जखमा बांधायच्या आणि उरलेल्या वेळात मासे, पक्षी, शिंपले गोळा करायचे. मासा मिळाला की आधी त्याचं चित्र, मग कातडं सोलून दारूत, आणि राहिलेलं मांस स्वयंपाक्याकडे. १९३०च्या सुमारास रत्नागिरीत मास्तरकी करत मी या डॉक्टरांवर निबंध लिहीत होतो, आणि उभ्या जन्मात मी माशाला बोट लावलेलं नव्हतं. आमचं घर सोवळ्याचं. बंदरावरून आलो की विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय आई घरात घेत नसे.

पुस्तकं माझी नव्हती. एका निवृत्त सबजज्जांकडे त्या सफरींच्या वृत्तान्ताचे कातडी बांधणीचे जाडजूड खंड होते, रंगीत चित्रांसकट. फ्रेंच वाचणारा गावात मी एकटाच, म्हणून ते मला त्यांच्या ओटीवर बसून वाचू देत. पावसाळ्यात खंड वेखंड घालून पेटीत बंद होत, की माझा अभ्यास दिवाळीपर्यंत ठप्प. आता जज्जसाहेब कायमचे मुलाकडे नागपूरला निघाले होते आणि खंड कुणाला तरी देऊन जाणार होते. कुणाला तरी म्हणजे मलाच, असं मी धरून चाललो होतो. त्यांच्यावाचून माझा निबंध पुरा होणं शक्य नव्हतं.

चित्रांच्या नकला हव्या होत्या, म्हणून शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांना मीच तिथे घेऊन गेलो. हा धोंडा मी माझ्या हातानं पायावर पाडून घेतला. त्या गृहस्थांना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. पण ते मत्स्याहारी. चित्र पाहिलं की संध्याकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जायचं, त्याच जातीचा ताजा मासा आणायचा, घरी त्याचं चित्र काढायचं आणि मग तोच मासा जेवायचा. मी वर्षानुवर्षं जे वाचत होतो ते हा माणूस सहज, हसतखेळत जगत होता! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जज्जसाहेब निघण्याच्या आदल्या आठवड्यात वाचनालयात आमचं दोघांचं व्याख्यान झालं. मी निबंध वाचला. लोक खोकले, एकदोघांना डुलकी लागली. मग ड्रॉइंग मास्तर उठले, रंगीत खडूंनी त्यांनी फळ्यावर तांबोशी ही लालभडक मासळी काढली आणि पाण्याबाहेर आल्यावर तिचा रंग कसा उतरत जातो ते पुसून, घासून दाखवलं. टाळ्या पडल्या. जज्जसाहेबांनी तिथेच जाहीर केलं, “खंड मास्तरांना!” आणि हात ड्रॉइंग मास्तरांच्या खांद्यावर ठेवला. मी हसलो. आतून इतका जळत होतो की रात्री अन्न गोड लागलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी हमालाच्या डोक्यावर खंड देऊन ड्रॉइंग मास्तर आमच्या दारात हजर.

“ही तुमचीच. मला काय कळतंय त्यातलं? चार चौघांत नको कशाला म्हणायचं, म्हणून तेव्हा गप्प बसलो.”

वरचा खंड घेऊन मी उघडला. तांबोशीच्या पानावर दोनचार खवले चिकटले होते. काल ते ताजी तांबोशी चित्राशेजारी ठेवून रंग ताडून पाहत बसले असणार. पानांना लागलेला माशाचा वास आई दारात यायच्या आधी तिच्या नाकापर्यंत पोचला.

“हे काय आणलंत हो घरात? कातड्याची बाडं, नि वर मासळीचा वास! उंबऱ्याच्या आत नाही यायचं हे.”

मी आईकडे पाहिलं. तिच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती.

“ऱ्हाऊ देत, माझ्याकडे ठेवतो,” ड्रॉइंग मास्तर मोकळेपणानं हसून म्हणाले. “रविवारी येत जा वाचायला.”

हमालाच्या मागोमाग ते निघून गेले. त्यांनी थोडा जरी लोभ दाखवला असता तर मी त्यांच्याशी भांडलो असतो, बोलणं टाकलं असतं आणि सुटलो असतो. तेवढीही सोय या भल्या माणसानं ठेवली नाही. रविवारी सकाळी मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो.