जबाबात वाढलेला एक शब्द

नोकरीतले बरेच गुन्हे आणि बरेच चेहरे आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण एप्रिलमधल्या एका सकाळी घेतलेला एक जबाब मला अजून पाठ आहे. 

सांगलीजवळच्या एका उपनगरी रेल्वे स्टेशनवरच्या लोहमार्ग पोलीस चौकीचा मी प्रभारी होतो. मी नाशिककडचा, बदली होऊन दोनच महिने झालेले. हे स्टेशन म्हणजे पूर्वी नुसता थांबा होता म्हणे, तिकिटं द्यायला एक पत्र्याची खोली. आजूबाजूला कॉलेजं आणि वसाहती उभ्या राहिल्या तसे फलाट लांबले, पादचारी पूल झाला, विजेच्या तारा आल्या, कॅमेरे बसले. सकाळच्या पॅसेंजरनं पासवाले यायचे, संध्याकाळी तेच चेहरे परत जायचे. मोबाईलचोरी आणि बसायच्या जागेवरून भांडणं, एवढंच आमचं काम. मी थोडा आळसावलो होतो, हे कबूल करतो.

दहाच्या सुमारास एक बाई धापा टाकत चौकीत आली. तिचे सासरे, लष्करातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, घरातून निघून गेले होते.

"मामंजी रोज हितंच येऊन बसत्यात, साहेब. गाड्या बघत. पर ह्ये न्हेमी आणून सोडत्यात," ती म्हणाली. 'ह्ये' म्हणजे तिचा नवरा, तो त्या दिवशी गावाला गेला होता. "सकाळी विन्शुलिनचं इंजेक्शन दिलं आन् मी पोहे करायला आत गेले. भाईर आले तवर न्हाईत. पोटात काय बी न्हाई त्यांच्या. आन् आताशा समदं विसरत्यात बी."

इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलेला माणूस किती तास तग धरतो, हे मला ठाऊक होतं. माझ्या मोठ्या भावालाही साखर आहे. मी लगेच मिसिंगची नोंद घेतली, फोटो सगळीकडे पाठवला, हवालदाराला दोन्ही फलाटांवर पिटाळलं आणि स्वतः कॅमेऱ्यांसमोर बसलो. सकाळी आठपासूनचं चित्रण दोनदा पाहिलं. म्हातारा कुठंच नव्हता.

साडेअकराला त्यांच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा फोन आला. त्यानं आजोबांना रिक्षात बसताना पाहिलं होतं, आणि रिक्षाचा नंबरही लक्षात ठेवला होता. अर्ध्या तासात रिक्षावाला चौकीत हजर झाला. पस्तिशीचा, काटक, कपाळावर बुक्का. रिक्षा तपासली तेव्हा मागच्या सीटच्या फटीत आजोबांचं कानात घालायचं यंत्र सापडलं. ते बघून सुनेनं तोंडावर पदर घेतला.

मी विचारपूस सुरू केली. कुठून बसवलं, केव्हा बसवलं, सोबत कोणी होतं का? तो सरळ उत्तरं देत होता.

"टेशनाव सोडलं, साहेब. म्हातारबा म्हनले टेशनाव घे, मी घेतलं. पैसं बी घेतलं न्हाईत. सैनिक मानूस."

मी तसा जबाब लिहून घेतला, त्याची सही घेतली आणि कॅमेऱ्याचं चित्रण त्याच्यासमोर धरलं. "नऊ ते साडेदहा. दाखव तुझी रिक्षा."

तो बघत राहिला. त्याची रिक्षा त्यात नव्हती. "टेशनावच सोडलंय," तो पुन्हा म्हणाला.

खोटं बोलणारी माणसं तपशील बदलत जातात, हा माझा अनुभव. हा एक शब्दही बदलत नव्हता. तेव्हा खरं तर मी थांबायला हवं होतं. पण घड्याळात बारा वाजून गेले होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि दारातून ती बाई माझ्याकडे बघत होती. माझा तोल गेला आणि मी त्याला एक मुस्कटात मारली. त्यानं गालावर हात ठेवला नाही. फक्त खाली बघत म्हणाला, "देवाशप्पत टेशनाव सोडलं."

एक वाजता मी हात टेकले आणि त्याला जीपमध्ये घातलं. कुठं सोडलं ती जागा दाखव, म्हटलं. हे काम खरं तर पहिल्या दहा मिनिटांत करायचं असतं. कॅमेऱ्यावरच्या विश्वासानं मी ते मागे टाकलं होतं. आजोबांच्या घरापासून सुरुवात केली. तिठ्यावर आलो तेव्हा चालकानं सवयीनं जीप रेल्वेच्या दिशेला वळवायला घेतली.

"तिकडं न्हवं, उजवीकडं घ्या," रिक्षावाला म्हणाला.

"रेल्वे डावीकडं आहे," मी ओरडलो.

"रेल्वे हाय डावीकडं. टेशन हिकडं हाय."

आमचा हवालदार सांगलीचाच. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. पूर्वी रेल्वे थेट गावात यायची. रूळ रुंद करताना मार्ग बाहेरून टाकला, जुनं स्टेशन बंद पडलं, तिथं गाळे झाले. गाडी गेली, पण चौकाचं नाव राहिलं. आजही तिथले रिक्षावाले नुसतं 'टेशन' म्हणतात ते त्या चौकालाच. आमच्याकडं यायचं तर 'रेल्वेवर' म्हणतात. आणि आजोबा पोरसवदा वयात पलटणीत भरती व्हायला निघाले होते ते त्याच जुन्या स्टेशनवरून.

गाळ्यांच्या मागं जुन्या मालधक्क्याची दगडी भिंत उरली आहे. तिच्या सावलीत ते एका कुशीवर कलंडले होते. सदरा घामानं ओलाचिंब, ओठ पांढरे. मी जीपमधून उतरायच्या आत रिक्षावाला पळाला. त्यानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हवालदार समोरच्या गाड्यावरून उसाचा रस घेऊन आला आणि रिक्षावाला तो घोटाघोटानं त्यांच्या तोंडात सोडू लागला. "प्या आजोबा, हळूहळू प्या," एवढंच म्हणत होता. मी नुसता उभा होतो.

पाचसहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. माझी वर्दी बघून उठायचा प्रयत्न केला. "गाडी लय लेट हाय, साहेब," ते म्हणाले. "रजा संपली माझी."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं.  मधला एक तास कुठं गेला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

संध्याकाळी चौकीत आल्यावर मी तो जबाब पुन्हा काढला. त्यात माझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: 'सदर इसमास मी रेल्वे स्थानकावर सोडले.' तो 'टेशन' म्हणाला होता. 'रेल्वे' मी घातलं होतं. शुद्ध लिहायच्या सवयीनं, काही विचार न करता. आणि मग त्या माझ्याच शब्दावरून मी त्याला खोटा ठरवला.

पुढच्या सगळ्या नोकरीत मी जबाब माणूस बोलेल त्याच शब्दांत लिहून घेतला. वरिष्ठ भाषेवरून हसायचे, हसू दिलं.

त्या संध्याकाळी मी रिक्षावाल्याची माफी मागितली.  नवीन जबाब लिहून मी कागद आणि पेन त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं पेन उचललं नाही.

"आदी वाचून दाखवा, साहेब," तो म्हणाला.

मी उभा राहिलो आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.