शीळकरी कस्तूर, ताम्हिणी

रिटायर झाल्यावर माझी पोस्टिंग मारुंजीत झाली, असं मी गमतीनं सांगतो. एका आयटी कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. रविवारी सुट्टी, आणि रविवारी मी पक्ष्यांचे फोटो काढतो. फौजेच्या नोकरीत बरीच वर्षं निरीक्षण चौकीवर काढली. तासन्‌तास न हलता बसायचं, हेच काम. सोसायटीतले पक्षीवाले पाच मिनिटांत वेफर्सचं पाकीट फोडतात. त्यांच्याशी माझं जमत नाही.

सकाळी सहाला कासारसाई धरणावर पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नाही. बगळा उभा आहे की तरंगतोय, तेही कळत नाही. कधी कधी मी बटण दाबायचंच विसरतो.

पण मला एक पक्षी हवाच होता. शीळकरी कस्तूर. काळानिळा, ओढ्याकाठी राहणारा. शीळ घालतो ती थेट माणसासारखी, रमतगमत निघालेल्या माणसासारखी. लान्स नायक दत्ता, माझा चौकीवरचा जोडीदार, ती हुबेहूब घालायचा. पंधरा हजार फुटांवर, जिथं चिमणीसुद्धा नाही. पेट्रोलवरून, म्हणजे गस्तीवरून, परतताना लांबूनच शीळ यायची, की आम्ही स्टोव्हवर चहा चढवायचो.

दत्ताचं घर ताम्हिणीत. त्याची आई सोनाबाई एकटीच राहते. दर पावसाळ्यात मी जातो. या खेपेला ती म्हणाली, "सुभेदार, शीळ रोज ऐकतीया, पन पाखरू कदी धड दिसलं न्हाई. फोटू काड त्याचा. माजा दत्ता कुनाकडनं शिकला, बघू दे."

"आई, सुभेदार नाही, हवालदार."

"व्हय व्हय. चल."

०५५० ला आम्ही ओढ्याकाठी बसलो. धुकं इतकं, की शेजारी घोंगडं पांघरलेली म्हातारी आहे की दगड, ओळखू येईना. पाण्याचा आवाज कुठल्या बाजूनं येतोय, तेही समजेना. आपण जागे आहोत ना, अशी शंका आली. ०६२० ला शीळ आली. आधी लांब. मग जवळ.

मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, "थम! कौन आता है?"

पाखरू भुर्रकन उडालं.

"आगं बया! कुनाला थांबिवलंस रं?"

बारा वर्षं मी तिला अर्धंच सांगत आलो होतो. दत्ता बर्फात घसरून गेला, एवढंच. उरलेलं सांगितलं तर हे घर मला कायमचं बंद होईल, या भीतीनं गप्प राहिलो. जगात मला आई म्हणायला दुसरं कुणी नाही. आता मात्र सांगितलं. रिपोर्ट देतात तसं, उभं राहून, मान खाली घालून.

"त्या पहाटे मी सेंट्री होतो, पहाऱ्यावर. धुकं असंच होतं. पेट्रोल पार्टी परत येत होती, रेडिओ बंद पडलेला. शीळ ऐकू आली. दत्ताच आहे, हे मला कळलं होतं, आई. तरी नियम म्हणून 'थम' म्हणालो. तो थांबला. जिथं थांबला तिथं खाली जमीन नव्हती, नुसता दरीवर आलेला बर्फाचा छज्जा होता. तो तुटला. चौकशीत म्हणाले, तू बरोबर वागलास. मला ते कधी पटलं नाही."

तिनं घोंगडं आवरून घेतलं. मला वाटलं, आता उठून जाईल.

"हितं हज्जारदा हाळी घातली आसंल म्या, दत्त्या थांब, दत्त्या थांब. मेला एकदा थांबला न्हाई." तिनं पदर डोळ्यांना लावला. "तुजं ऐकलं त्यानं."

मी हमसून रडलो. सांगायला लाज कसली?

"बस खाली," ती म्हणाली. "उबा ऱ्हायलास तर पाखरू कसं यील?"

फोटो त्या दिवशी मिळाला नाही. ती नऊ वाजेपर्यंत दत्ताचं सांगत राहिली. कुठल्या जांभळीवरून पडला, कुणाच्या परसातल्या काकड्या चोरल्या, भरतीला जाताना वळून बघायचं कसं विसरला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याकडं बघत ऐकलं.