वातीइतका हलका हात

दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मी ‘अक्षरवाली आजी’ म्हणून प्रसिद्ध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून घ्यायला केमिस्ट माझ्याकडे धावत येतो, ही अफवा माझीच. पण वरच्या मजल्यावरची, पाचवीतली मराठी मुलगी अक्षर सुधारायला आली आणि माझी सगळी ऐट उतरली.

ती पेन्सिल अशी दाबायची, की लिहिलेलं पार वहीच्या पुठ्ठ्यापर्यंत उमटायचं. आमच्या जेवणाच्या टेबलावर तिचा हिंदीचा अख्खा निबंध कोरला गेलाय. पुढेमागे उत्खननवाले टेबल उचलून नेतील!

तिच्या शाळेत रीत अशी, की अक्षर बाईंना पटलं तरच पेन वापरायची परवानगी. अख्ख्या वर्गात पेन्सिलवाली ती एकटीच उरली होती.

“सगळे मला बेबी म्हणतात यार, आजी.”

‘यार’ मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि रोज पानभर लिहून घ्यायला लागले. तिची बोटं आणखीच पांढरी पडायला लागली.

“एवढं का दाबतेस गं?”

“हलकं लिहिलं तर अक्षर पळून जातं.”

एवढे दिवस मी कागदच बघत होते. त्या हातातली भीती मला दिसलीच नव्हती.

मी वही मिटली. मंडळाच्या गणपतीसाठी फुलवाती करायच्या होत्या, तो कापूस तिच्यापुढे ठेवला. फुलवातीचं टोक वळायला तीन बोटं लागतात, पेन्सिल धरायला लागतात तीच. तिची पहिली वात झाली खिळ्यासारखी.

“वा! हिच्यावर कॅलेंडर टांगू या.”

तुपात भिजवून निरांजनात लावली, तर जरा फडफडली आणि विझली.

“का विझली?”

“आवळलीस ना. तूप शिरणार कुठून?”

तिनं विझलेली वात बराच वेळ निरखली आणि दुसरा कापूस घेतला. पुढे रोज आधी वाती, मग लिहिणं असा नेम झाला. मंडळाला पुढच्या सात पिढ्या पुरतील एवढ्या वाती झाल्या. हळूहळू पेन्सिलही त्याच बोटांत सैल बसू लागली. अक्षरं डुलायची, ओळ सोडून फिरायला जायची. मी जाऊ दिली.

बाई वह्या बघणार होत्या त्या दुपारी मी उगाचच जिन्यात घुटमळत होते. ती दप्तरासकट धडकली. बोटाला निळी शाई.

“मिळालं! पण बाई म्हणाल्या, अक्षर अजून तिरकं आहे.”

“आहेच. मी काय सोसायटीत मोत्याचे दाणे म्हणूनच सांगणार.”

ती हसली. मग वही उघडून तिनं पान उलटलं आणि माझा हात धरून मागच्या कोऱ्या बाजूवरून फिरवला. कुठेही काही उमटलेलं नव्हतं.