आत्या-भाचीचे दात

माझ्या मुलीचे दात तिच्या आत्यावर गेले आहेत. पक्के दात येताच ते आमच्या लक्षात आलं होतं. वरचे दोन पुढे आलेले आणि डावीकडचा सुळा हिरडीत वर चढून बसलेला. घरात आम्ही हे सहज बोलायचो, पण माझ्या नणंदबाई आल्या की विषय काढायचा नाही, असं न ठरवताच ठरलेलं होतं.

त्या माझ्या नवऱ्याहून मोठ्या, मारेगावकडे एका खेड्यात दिलेल्या. कापूस आणि तुरीची शेती त्या स्वतः बघतात. बियाणं घेण्यापासून गाडी भरून देण्यापर्यंत त्यांचाच शब्द चालतो. पण हसू आलं की पदर तोंडाशी जातो. लग्न जमत नव्हतं त्या काळात दातांवरून त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते सासूबाईंनी मला एकदाच सांगितलं होतं.

मुलगी नववीत गेली आणि दात सरळ करायचे असं तिनेच सांगितलं. मोबाइलवर बघून तिने अलाइनरही पसंत करून ठेवले होते. काचेसारखे पारदर्शक साचे, दातांवर बसवायचे, कोणाला दिसत नाहीत. "तार नको," एवढंच तिचं म्हणणं होतं. का नको, ते मला ठाऊक होतं. आम्ही दारव्ह्याला राहतो आणि मी तिथल्याच एका शाळेत शिकवते. तार लावलेल्या एका मुलीला वर्गातली पोरं 'कुंपण' म्हणायची.

एका शनिवारी आम्ही तिघं यवतमाळला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई तिशीतल्या होत्या. तपासून झाल्यावर त्या आमच्याशी न बोलता मुलीशीच बोलल्या. तुझे दात दोन्ही प्रकारांनी सरळ होतील, म्हणाल्या. पण सुळा बराच वर आहे, तो तारेने लवकर खाली येईल. अलाइनरने वेळ जास्त लागेल, आणि ते जेवताना आणि दात घासताना सोडून दिवसरात्र तोंडात ठेवावे लागतील.

"तारेचं काम तार करते," त्या म्हणाल्या, "अलाइनरचं काम तुलाच करावं लागतं. ठरवायची घाई नाही."

परतीच्या वाटेवरच घरात दोन पक्ष पडले. नवऱ्याचं म्हणणं, जी पोरगी चष्म्याचं घर आणि कंपासपेटी वर्षातून दोनदा हरवते, तिच्या हातात काढता-घालता येणारी वस्तू द्यायचीच कशाला? मी मुलीच्या बाजूची होते. दहावीच्या वर्षात तिला वर्गात तोंड मिटून बसावं लागेल, हे मला बघवणार नव्हतं. ती तर बापाशी बोलेनाशीच झाली.

अशातच नणंदबाई आर्णीला एका लग्नाला आल्या आणि जाताना आमच्याकडे मुक्कामाला थांबल्या. मी मुलीला बजावून ठेवलं होतं, आत्यासमोर दातांचं काही काढू नकोस. जेवायला बसलो आणि तिने पहिल्याच घासाला सांगून टाकलं, "आत्या, मी दात सरळ करून राह्यली."

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. मी भाजी वाढायच्या निमित्ताने उठले. नणंदबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, कसे करतात? मुलीने मोबाइल काढून सगळं दाखवलं. त्या प्रश्न विचारत गेल्या. दुखतं का, जेवता येतं का, किती दिवस लागतात, किती वेळा जावं लागतं. मुलीला उत्तरं देताना इतकी मजा येत होती की बापाशी अबोला आहे हेही ती विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "माह्या वयात होते काय हे?"

मला आधी कळलंच नाही. त्या स्वतःच्या दातांबद्दल विचारत आहेत हे कळल्यावर मी म्हटलं, ताई, आम्ही तर हा विषय टाळत होतो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

"वाईट कायले वाटन?" त्या म्हणाल्या. "तवा पाहुणे यायचे, दात पाहायचे, चालले जायचे. मंग बाबा म्हणत, ओठ मिटून बसत जाय. तुले काय वाटते, हे कोणी इचारलंच नाही. तवा सोय नव्हती म्हणा. आता हाये, तर इचारून पाहू."

त्यांनी दोन शेंगा सोलल्या आणि म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याले सांगू नको आताच. हसन तो."

तो हसला नाही. बहिणीला स्टँडवर सोडायला गेला, तेव्हा तिनेच त्याला सांगितलं, आणि परत आल्यावर बराच वेळ अंगणात गाडी पुसत बसला.

पुढच्या वेळी यवतमाळला मी, मुलगी आणि त्या अशा तिघी गेलो. डॉक्टरांनी आधी त्यांच्या हिरड्या तपासल्या. सूज होती, ती बरी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. नंतर मात्र करता येईल, आणि तुम्हाला अलाइनरच बरे, म्हणाल्या. बरेच साचे एकदम देता येतील, म्हणजे मारेगावहून दर महिन्याला दिवस मोडून यावं लागणार नाही. मग त्यांनी मुलीला विचारलं, तुझं काय ठरलं?

"तार," मुलगी म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती डॉक्टरांनाच सांगत होती, "मी दिवसभर काही ना काही खात असते. दर वेळी काढणार, घासणार, घालणार, हे माझ्याने व्हायचं नाही. मी विसरणार. आणि लपवायचं म्हटलं की सारखं तेच डोक्यात राहतं."

शेवटचं वाक्य तिने आत्याकडे न बघता म्हटलं. मलाही तिकडे बघायचा धीर झाला नाही.

तार लागल्यावर पहिला आठवडा वाईट गेला. खिचडी आणि दुधात कुस्करलेली भाकरी एवढंच खाणं. गालाला आतून छाले आले, तिथे तारेवर मेण लावायचं. आणि शाळेत व्हायचं तेच झालं. एक दिवस ती रडत घरी आली, अलाइनरच घ्यायला हवे होते म्हणाली. मी तिला परत डॉक्टरांकडे न्यायच्या विचारात होते. संध्याकाळी तिने आत्याला फोन लावला, खोलीचं दार लोटून बरंच बोलली आणि बाहेर येऊन जेवायला मागितलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

नणंदबाईंच्या हिरड्या बऱ्या व्हायला काही महिने लागले. मग साचे सुरू झाले. गावात कोणाला सांगायचं नाही, असा त्यांचा बेत होता. तो कापूस वेचणीपर्यंत टिकला. एका दुपारी बांधावर जेवताना त्यांनी साचा काढून रुमालात गुंडाळला आणि जेवण झाल्यावर रुमालात तो नव्हता. त्या खाली वाकून शोधू लागल्या, तर वेचणाऱ्या बायाही शोधू लागल्या, आणि काय हरवलं म्हणून कोणी विचारलं तर एक जण ओरडली, बाईचे दात हरवले. शेवटी तो कापसाच्या गाठोड्यात सापडला. त्या रात्री हे सांगताना फोनवर त्यांना इतकं हसू येत होतं की निम्मं आम्हाला ऐकूच आलं नाही. नवरा फोनच्या जवळ येऊन उभा होता. "ताई, पुन्हा सांग," म्हणाला.

त्यांचं अजून चालू आहे. मुलीची तार गेल्या महिन्यात निघाली. डॉक्टरांनी तार धरून ठेवणारा, दातांवर चिकटवलेला एकेक खडा काढला, दात घासून साफ केले आणि हातात आरसा दिला. तिने आरशात थोडं बघितलं आणि तो परत दिला. बसमध्ये ती खिडकीशी बसली. सगळ्या वाटेने तिची जीभ दातांवरून फिरत होती.

"किती गुळगुळीत लागून राह्यलं," ती म्हणाली, आणि दारव्हा यायच्या आधी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली.