कासऱ्याचं दुसरं टोक

सूर्य डोंगराच्या वर आला तेव्हा सखूबाई मांड्यांपर्यंत गाळात होती. बाकी काही नाही, पण गाळ ओळखणारी बाई म्हणून साऱ्या वाडीत तिचं नाव होतं, आणि तीच रुतली होती, हे तिला फार लागलं होतं.

भोरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याला लागून तिची वाडी. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं आणि फाल्गुन येईपर्यंत दोन-तीन शेतं लांब जातं. मागे राहतो काळा गाळ. त्यात पेरायचं म्हणजे गाळपेर. ना नांगर, ना खत. बोटाने भोक पाडायचं, काकडीचं बी टाकायचं, उरलेल्या जागेत म्हशीपुरता मका. काम सोपं, फक्त पाय कुठे टाकायचा ते कळलं पाहिजे. वरून वाळून भेगा पडलेला गाळ आतून ताकासारखा पातळ असतो. म्हणून दरवर्षी आधी सखूबाई पुढे जाणार, निरगुडीच्या फांद्या रोवत. फांद्यांच्या आत बाकीच्यांनी पेरायचं, बाहेर कुणी जायचं नाही. तीस वर्षांत तिची एक फांदी चुकली नव्हती.

हे तिला पाखरांनी शिकवलं होतं. बगळा उभा असेल तिथे खाली मऊ. शेपटी हलवत पळणारी ती चिमुकली, जिला सखूबाई नाचरी म्हणायची, तिचं वजनच नाही, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. पण टिटवी! टिटवी अंडी घालते ती घट्ट जमिनीवरच. टिटवी बसलेली दिसली की नाकासमोर तिच्याकडे चालत जावं, पाय बुडणार नाही, असा सखूबाईचा नेम होता.

आणखी एक नेम होता. गाळात एकट्याने उतरायचं नाही. पुढे जाणारीच्या कमरेला कासरा, आणि कासऱ्याचं दुसरं टोक मागे घट्ट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. आधी ते टोक तिच्या नवऱ्याच्या, रखमाजीच्या हातात असायचं. कासराही त्यानेच घायपाताचा वळलेला. रखमाजी गेला त्याच सालात सून आली, आणि तेव्हापासून सोळा वर्षं ते टोक रत्नाच्या हातात होतं.

यंदा मात्र कासरा गोठ्यातल्या खुंटीवरच राहिला होता, कारण सासू-सुनेचा अबोला सुरू होता. आज अठरावा दिवस.

भांडण नसरापूरच्या खोलीवरून. सखूबाईचा मुलगा धनाजी वरव्याच्या बाजूला एका कारखान्यात कामाला. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, घाटवाटेने मोटरसायकलवर ये-जा. नात वैष्णवी पुढच्या वर्षी दहावीला, आणि शाळेची एसटी आली तर आली. रत्नाने एक दिवस जेवताना विषय काढला, की नसरापूरला एक खोली बघितलीय, चौघं तिकडेच राहू. सखूबाई ताटावरून उठली.

"जायाचं त्यानं खुशाल जावं," ती म्हणाली. "म्या मेले तरी तुला हाक मारनार न्हाई."

झालं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलायच्या त्या मथुरी म्हशीमार्फत. "मथुरे, भाकरी झाल्यात म्हनावं." "मथुरे, इचार तिला, मीठ कुनी टाकायचं?" वैष्णवीला हसू आवरत नसे. धनाजी म्हणे, या घरात सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागतं ते म्हशीलाच.

तर आज रविवारी, झुंजुमुंजू होताना सखूबाई फांद्यांचा भारा घेऊन एकटीच निघाली. कासरा खुंटीवर दिसला होता. पण धनाजी रात्रपाळीला, वैष्णवी झोपेत; कासरा घ्यायचा म्हणजे दुसरं टोक धरायला रत्नालाच सांगायचं, आणि म्हशीला तर धरता येत नाही. गाळाच्या कडेला पोचली तर समोर वीसेक पावलांवर टिटवी बसलेली. छाती फुगवून, हलत नव्हती. म्हणजे अंड्यांवर होती. सखूबाईने तिच्या रोखाने पावलं टाकली. सोळा-सतरा पावलं छान गेली. पुढचं गेलं ते गेलंच, आणि पहिला पाय काढायला दुसऱ्यावर भार दिला तर तोही गेला. हातातला भारा मागे फेकला गेला.

मग तिला दिसलं. टिटवी बसली होती ती एका जुन्या तालीवर. धरणाच्या आधी इथे कुणाचं तरी शेत होतं, त्याच्या बांधाची दगडी ताल गाळातून बोटभर वर आली होती. लांबलचक, हातभर रुंद, थेट डाव्या अंगाच्या माळाला जाऊन मिळणारी. टिटवी बरोबर होती. तिच्या बुडाखाली दगड होता. सखूबाईच्या पायाखाली नव्हता, एवढाच काय तो फरक.

घाबरायचं नाही हे तिला ठाऊक होतं. धडपडलं की गाळ जास्त ओढतो. तिने लुगड्याचा ओचा वर खोचला, हात पसरून गाळावर टेकले आणि गप्प राहिली. वरच्या अंगाला घराच्या पत्र्यातून धूर निघायला लागला होता. गोठ्यात बादली वाजली. रत्ना धारेला बसली होती. वारा तिकडेच वाहत होता; एक हाक मारली असती तर पोचली असती. हाक घशापर्यंत आलीही. सखूबाईने ती गिळली. अठरा दिवस पाळलेलं असं एका हाकेत घालवायचं? आपलं आपण निघू, ती मनाशी म्हणाली. आणि निघायचा प्रयत्न केला, तर आणखी चार बोटं खाली गेली.

मग बघत बसण्यापलीकडे काही उरलं नाही. इतक्या वर्षांत तिने पाखरं बघितली होती ती चालता चालता, कामापुरती. आता ती सगळी तिच्या छातीच्या उंचीवर होती. नाचरी शेपूट हलवत हातभर अंतरावरून गेली, तिच्याकडे न बघता. धोबी पाखरं मात्र दिसेनात. चार दिवसांमागे काठावर डझनभर होते. उन्हं तापली की ते जातात, कुठे जातात देव जाणे, पण त्यांना कुणी अडवत नाही. कडेच्या डबक्यात निवळ्या, ते काळे पाणकिडे, गोल गोल फिरत होत्या. एक लाल चतुर येऊन तिच्या बांगडीवर बसला, उडाला, परत बसला. एक कुंभारमाशी तिच्या दंडाजवळून ओल्या गाळाची गोळी तोंडात धरून उडायची आणि थोड्या वेळाने दुसरी न्यायला यायची. सखूबाईने तिच्या आठ फेऱ्या मोजल्या. केवढीशी माशी, पण गाळातून हवं तेव्हा निघत होती. सखूबाईला तिचा रागच आला.

मग पिवळी फुलपाखरं आली. तिच्या मनगटावरच्या घामावर बसून सोंड लावून प्यायला लागली. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने ते वैष्णवीला हाक मारून दाखवलं असतं. आज तिला वाटलं, ही मला आत्ताच दगड समजायला लागली.

पाण्यापलीकडच्या काठावर एक पांढरी गाडी थांबली. पाच-सहा जण उतरले, डोक्याला टोप्या, डोळ्यांना दुर्बिणी. पुण्याहून येतात ते, पाखरं बघायला. सखूबाईने दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले. दुर्बिणी तिच्याकडे वळल्या. तिकडून दोघांनी हात वर करून तितक्याच प्रेमाने हलवले. एकाने फोटोही काढला असावा. मग दुर्बिणी पुन्हा करकोच्यांकडे गेल्या. गाळपेर करणारी बाई गाळात असणारच, त्यात बघण्यासारखं काय?

"तुमचं वाटोळं झालं," सखूबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

सूर्य कासराभर वर आला. पाय कुठे आहेत ते कळेनासं झालं. गोमाश्या मानेला डसत होत्या आणि हात मात्र गाळाने माखलेले. आता तिला ज्ञानूची म्हैस आठवली. मागच्या साली अशीच रुतली होती, पलीकडच्या वळणावर. दुपारी माणसं जमली तेव्हा म्हैस जिवंत होती, पण कावळ्यांनी एक डोळा नेला होता. सखूबाईने वर बघितलं. तालीच्या टोकाला एक कावळा बसला होता, मान तिरकी करून. घाईत नव्हता.

तिने हाक मारली. "रत्ना! ए रत्ना!" पण आता वारा फिरला होता, पाण्याकडे वाहत होता. तिची हाक पाण्यावरच गेली. आणखी चारदा मारली. आवाज बसला. मेले तरी हाक मारणार नाही म्हणाली होती, आणि आता मारत होती तर ऐकायला कुणी नव्हतं. सखूबाईला स्वतःची चीड आली. सकाळी एक हाक गिळली, ती आता छातीत अडकून बसली होती.

एकाएकी टिटवी ओरडत उठली. माळाच्या बाजूने तालीवरून कुणीतरी येत होतं. पाऊल तपासत, दगडावरून दगडावर, झपझप. रत्ना होती. खांद्यावर कासरा.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. धार, भाकऱ्या उरकून ती पुन्हा गोठ्यात आली तेव्हा तिला निरगुडीचा भारा दिसला नाही आणि कासरा खुंटीवर दिसला. तिने दूध चुलीवर तसंच ठेवलं आणि पळत सुटली.

सखूबाईपासून चार हातांवर ती थांबली. टिटवी दोघींच्या डोक्यावर गरगरत होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढ्या गाळातही कुणी आधी बोलायचं हा प्रश्न होता.

"टिटवे," रत्ना वर बघून म्हणाली, "त्यास्नी सांग, हालू नका म्हनावं."

"टिटवे," सखूबाईचा आवाज घोगरा झाला होता, "तिला सांग, म्या काय नाचत न्हाई हितं."

रत्नाने कासरा तिच्याकडे फेकला. दुसऱ्या खेपेला सखूबाईला तो मिळाला, तिने तो काखेखालून घेऊन गाठ मारली. दुसरं टोक रत्नाने हातात धरलं नाही. स्वतःच्या कमरेला बांधलं, तालीवर बसकण मारली, टाचा दोन दगडांत रोवल्या.

"टिटवे, सांग, पाय गोल फिरवा. आत पानी शिरू द्या. मंग म्या वढते."

रत्ना ओढत होती, सोडत होती, पुन्हा ओढत होती. कासरा तिच्या पोटात रुतत होता. तिच्या मांडीजवळ टिटवीची चार मातकट अंडी होती, तिने पदर सावरून ती वाचवली होती. मध्येच ती थांबली. तोंड लाल झालेलं.

"टिटवे," ती म्हणाली, आणि आता वर बघत नव्हती. "त्यास्नी सांग. सोळा वर्सं दरसाली म्या हे टोक धरून हुबी ऱ्हायले. त्यास्नी वाटतं, बांधलेल्या त्या हायेत. टोक धरनारीला कुटं जाता येतं? एकदा तरी इचारलं का, रत्ना, तुजे पाय दुखत्यात का? म्या बी रुतलीया गं टिटवे. माजा चिखल दिसत न्हाई, येवडंच."

सखूबाई ऐकत होती. दुसरीकडे जाता येत नव्हतं, ताटावरून उठता येत नव्हतं. असं सगळं तिने सुनेचं कधी ऐकलं नव्हतं.

"वढ," ती शेवटी म्हणाली.

उजवा पाय आधी निघाला, मोठा आवाज करून. मग ती पोटावर सरपटली, डावा निघाला, आणि रत्नाने तिला कासऱ्यासकट तालीवर ओढून घेतलं. दोघी दगडावर पडून धापा टाकत राहिल्या. पलीकडच्या काठावरची गाडी केव्हाच गेली होती.

रत्नाने डबक्यातलं पाणी ओंजळीने आणून सासूचे पाय धुतले. सखूबाईची गाठ सुटली. रत्नाच्या कमरेची मात्र सुटेना. भिजून, ताणून ती दगडासारखी झाली होती. सखूबाईने बोटांनी बघितलं, उरल्यासुरल्या दातांनी बघितलं. नाहीच.

"चला तशाच," रत्ना म्हणाली. हे टिटवीला नव्हतं.

मग रत्ना पुढे, आणि कासऱ्याचं दुसरं टोक हातात घेऊन सखूबाई मागे, अशा दोघी तालीवरून निघाल्या. पुढे चालणाऱ्या माणसाचं वजन हाताला कसं लागतं हे सखूबाईला आज पहिल्यांदा कळत होतं. गोठ्यात आल्यावर तिने कुडाला खोचलेला विळा काढला.

"अवो, कापू नगा," रत्ना म्हणाली. "मामंजींनी वळलेला हाय. गाळपेरीला काय कराल? तेलाचं बोट लावते, सुटंल गाठ."

सखूबाईने गाठीखाली दोन बोटं घातली, सुनेच्या पोटाला विळा लागू नये म्हणून.

"त्या खोलीला खिडकी हाय?" तिने विचारलं.

"हाय."

"पानी दिसतं?"

"न्हाई, आत्याबाई. हायवे दिसतो."

"मंग म्या न्हाई यायची. म्या हितंच सुकंन," सखूबाई म्हणाली. "पर तू जा, रत्ना. वैष्णवीला घे अन् जा. म्या हाक मारली व्हती तुला सकाळी. पाच बार मारली. तुला आयकू आली न्हाई, पर मारली."

आणि तिने विळा ओढला. घायपात चिवट होता, कापायला वेळ लागला. चुलीवर दूध उतू जाऊन करपल्याचा वास गोठ्यापर्यंत आला होता, पण तिकडे कुणी गेलं नाही.